वरून चौथा

सोमवारी सकाळी माणिकराव गुरुजी शाळेत पोचले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि टेबलावर तालुक्याचा लखोटा पडला होता. ओल्या धोतराची त्यांना सवय होती. लखोट्याची नव्हती.

धोतराचं कारण नाला. कामरगावच्या बाजूला एस.टी.तून उतरून दीड कोस चाललं की जांभूळझरीच्या अलीकडे हा नाला लागतो. वर झरा असल्यामुळे तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्यावर पूल बांधायचं वचन तीन पक्षांच्या तीन पुढाऱ्यांनी तीन निवडणुकांत दिलं होतं, आणि प्रत्येकाने आपापल्या नावाची एकेक कोनशिला काठावर बसवली होती. पूल काही आला नाही. शेवटी गावालगतच्या बंजारा तांड्यातल्या बायकांनी त्या तिन्ही शिला पहारीने उकरल्या आणि पाय ठेवायला नाल्यात टाकल्या. नावांची बाजू वर ठेवली. कोरलेल्या अक्षरांमुळे पाय घसरत नाही. मात्र तिसऱ्या दगडापासून रस्त्याकडचा काठ चांगला दोन ढांगा लांब होता. पोरं उडी मारत. सत्तावन्न वर्षांचे गुरुजी पाण्यात उतरत.

त्यांनी लखोटा फोडला. "मागील निवडणुकीत आपल्या शाळेतील मतदान केंद्रावर त्र्याऐंशी मते बाद झाली असून ही बाब तालुक्यास भूषणावह नाही. सबब, येत्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आपण ग्रामस्थांस मतदानाचे प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षणात कोणत्याही पक्षाचे चिन्ह वापरू नये." खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "एकही मत बाद गेले नाही, तर आपल्या मंगरूळपीरच्या अर्जाचे पाहू."

ही ओळ गुरुजींनी दोनदा वाचली.

मंगरूळपीरला त्यांचं घर होतं आणि घरात पत्नी भागिरथाबाई एकट्या होत्या. त्यांचे गुडघे गेल्यापासून विहिरीचं पाणी शेजारीण आणून देई. बदलीचा अर्ज गुरुजी तीन वर्षं करत होते आणि तीन वर्षं एकच उत्तर येत होतं, "बदली शिक्षक उपलब्ध नाही." नाला ओलांडून जांभूळझरीला यायला दुसरा मास्तर तयारच होत नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं तरी घरचं जेवण मिळावं, एवढीच गुरुजींची आता इच्छा होती.

आणि ते त्र्याऐंशी त्यांना वेगळ्याच कारणाने बोचले. गुरुजी या गावात अठरा वर्षं होते. तिशीच्या आतला गावातला निम्मा मतदार त्यांच्या हाताखालून गेला होता. बाद मत म्हणजे नापास विद्यार्थी. एका दमात त्र्याऐंशी!

संध्याकाळी त्यांनी सरपंच पंजाबरावाला बोलावलं. पंजाबराव त्यांचाच विद्यार्थी.

"पंजाबा, एवढे मतं बाद कसे झाले रे?"

"बाद कुठं, गुरुजी? लोकायनं बरोबरच केलं. तिघंबी उमेदवार घरी येऊन गेले. तिघंबी हात जोडून बसले. मंग एकालेच ठप्पा देल्ला त बाकीच्यायले वाईट नाई वाटनार? म्हनून तिघायलेबी एकेक देल्ला."

"अरे, पण त्यानं मत कोणालाच भेटत नाही!"

"हो, पन नाराजबी कोनी होत नाई."

अठरा वर्षांत गुरुजींना एक गोष्ट कळली होती. पोराचं उत्तर चुकतं तेव्हा त्याचं गणित बहुधा बरोबर असतं. त्याने प्रश्न वेगळा सोडवलेला असतो.

पुढच्या रविवारी शाळेत प्रशिक्षण भरलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर गुरुजींनी रात्री जागून मतपत्रिका काढल्या होत्या. पक्षाचं चिन्ह नको म्हणून भाज्या घेतल्या. वरून पहिला भोपळा, दुसरी मिरची, तिसरा कांदा, चौथं वांगं. बटाटा अर्धा कापून त्यावर फुली कोरली, की झाला शिक्का. वर्गाच्या कोपऱ्यात घोंगडीचा आडोसा केला.

पहिली आली धनीबाई. ही तांड्यातली सत्तरीची म्हातारी. हातात कोपरापर्यंत बलोत्यांच्या बांगड्या, तोंडात विडी, आणि तांड्यात नायकाच्या शब्दानंतर हिचा शब्द. काही लोक म्हणत, आधी हिचा.

"गुरुजी, ह्या बटाट्याले मत देता येत नाई काय?"

"धनीबाई, बटाटा शिक्का आहे. तो उभा नाही."

"कायले नाई? चारीत तोच त बरा दिसून राह्यला."

ती आडोशाआड गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. गुरुजींनी पत्रिका उघडली. चारी भाज्यांवर ठसठशीत फुल्या होत्या.

"धनीबाई, एकावरच मारायचं सांगितलं होतं ना?"

"चारीबी घरात लागतेत, गुरुजी. तुमच्या घरी मिरची टाकतेत अन् कांदा टाकत नाई काय?"

पंजाबरावाने मात्र एकच फुली मारली होती, भोपळ्यावर. "तुमी मले चौथीत लय भोपळे देल्ले, गुरुजी. आज एक वापस करून राह्यलो." वर्ग हसला. गुरुजीही हसले, पण शेवटी मोजदाद केली तेव्हा चाळीस पत्रिकांपैकी एकतीस बाद निघाल्या. गुरुजींना समोर मंगरूळपीरचं घर दिसलं, आणि त्याचं दार आतून लागलेलं दिसलं.

"ह्यानं काई होनार नाई," पंजाबराव म्हणाला. "फुकटच्या ठप्प्यात लोकायचं मन लागत नाई. काईतरी भेटलं पाह्यजे. असं करा, पुढच्या रविवारी शाळेत रोडग्यायचा कार्यक्रम ठेवू. ज्या भाजीले जास्त मतं, ती भाजी रोडग्यासंगं. अन् ज्याचं मत बाद, त्याले भाजी नाई."

वऱ्हाडात रोडग्यांचं नाव काढलं की मेलेला माणूसही एकदा कूस बदलतो. रविवारी सकाळपासून शाळेपुढे रांग लागली. आता मात्र कोणाच्या मनात गोंधळ नव्हता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यासोबत वांग्याचीच भाजी लागते, हे जांभूळझरीत जन्मलेलं पोर रांगायच्या आधी शिकतं. न वाचता येणाऱ्यांसाठी गुरुजींनी सूत्र करून दिलं, "वांगं पाहिजे असंल तर वरून चौथा खण. म्हणा, वरून चौथा!" सगळ्या रांगेने पाढा म्हटल्यासारखं म्हटलं, "वरून चौथा!"

तीनशे दोन मतं पडली. वांगं दोनशे अठ्ठ्याण्णव, मिरची तीन, भोपळा एक. तो भोपळा कोणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. बाद, शून्य.

नेमके त्याच दिवशी तालुक्याचे साहेब पाहणीला आले. त्यांनी मतपत्रिका पाहिल्या, चार रोडगे खाल्ले, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि निघताना गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. "माणिकराव, मतदानाच्या दिवशीही असंच झालं, तर मंगरूळपीर पक्कं समजा."

त्या संध्याकाळी गुरुजींनी भागिरथाबाईंना कार्ड टाकलं. "उन्हाळ्याआधी येतो. खाट उन्हात टाकून ठेव."

आठ दिवसांनी उमेदवारांची यादी आली. गुरुजींनी ती शाळेच्या भिंतीवर चिकटवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली, आणि त्यांच्या हातातली खळीची वाटी खाली पडली.

उमेदवार चार होते. पहिले तिघे ओळखीचे, नाल्यातल्या तीन दगडांवर ज्यांची नावं होती तेच. वरून चौथा होता वाशिमचा अपक्ष, रामकिसन. चिन्ह शिडी. त्याला गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा हा माणूस साळ्याशी पैज लावून उभा राहिला होता, एवढंच ऐकिवात होतं.

गुरुजींनी काठी उचलली आणि घरोघर निघाले. "हे पाहा, तो चौथा म्हणजे वांगं होतं. हा चौथा वांगं नाही. चौथा नीट पाहून घ्या. चौथा कोण ते समजून घ्या!" गावात फिरले, तांड्यात फिरले, आवाज बसेपर्यंत सांगितलं. तिसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे जीप थांबली. पहिल्या दगडावर ज्यांचं नाव होतं, त्यांचा कार्यकर्ता आधी पाण्यात उतरला, मग दगडावरून दगडावर पाय टाकत आला आणि ओल्या पँटीने शाळेत शिरला.

"गुरुजी, तुमी सरकारी मानूस. अन् घरोघर जाऊन चौथ्याचा प्रचार करून राह्यले म्हंते?"

"मी? चौथ्याचा?"

"पूरं गाव सांगून राह्यलं. गुरुजी म्हंतेत, चौथा पाहा, चौथा समजून घ्या."

त्या दिवसापासून गुरुजींनी घरोघर जाणं बंद केलं. सांगावं तर प्रचार होतो, गप्प राहावं तर घात होतो. मग एक शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पुन्हा प्रशिक्षण ठेवलं. या वेळी वांगं सगळ्यात वर घेतलं आणि चौथ्या खणात भोपळा टाकला. रोडगे नव्हते म्हणून अकराच माणसं आली. पंजाबरावाने पत्रिका पाहून कपाळाला हात लावला.

"पाहा बाप्पा! निवडून येऊन महिना नाई झाला, अन् वांग्यानं पार्टी बदलली!"

मतदानाच्या दिवशी सगळं इतकं सुरळीत झालं की बाहेरगावहून आलेले केंद्राध्यक्ष चकित झाले. बायका रांगेत, माणसं रांगेत, बोटाला शाई, हातात पत्रिका, आडोशाआड दोन मिनिटं, घडी घालून पेटीत. गुरुजी शाळेच्या मागे निंबाखाली बसून होते. आतून ठप्प्याचा बारीक आवाज आला की त्यांना वाटे, हा चौथ्याचाच.

मोजणीला पंजाबराव सायकलीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला आणि लांबूनच ओरडला, "गुरुजी! एकबी मत बाद नाई! तिनशे अठरापैकी तिनशे अठरा! पूऱ्या तालुक्यात एकच पेटी, आपली!"

गुरुजींचे डोळे भरून आले. सगळे पास!

"अन्... ते पडले कोणाले?"

पंजाबरावाने सायकल भिंतीला टेकवली. मग टोपी काढली. मग पुन्हा घातली.

"सांग ना रे!"

"दोनशे एकेचाळीस शिडीले."

गुरुजी पायरीवर बसले.

"बाकी पूऱ्या मतदारसंघातून त्याले छप्पन्न भेटले," पंजाबराव म्हणाला. "आपली पेटी उघडली त टेबलावरचे सारे उठून उभे राह्यले. पेटी बदलली काय म्हनून दोनदा सील पाह्यलं."

अपेक्षेप्रमाणे तिन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे गुरुजी. ज्या तिघांचं पाच वर्षांत कशावरच जमलं नव्हतं, त्यांनी एकाच कागदावर सह्या करून तक्रार केली. तालुक्याहून खुलासा मागवला गेला.

गुरुजींनी दोन रात्री कंदिलापुढे बसून खुलासा लिहिला. गावाला दोष लागू नये म्हणून सगळा स्वतःवर घेतला. "प्रशिक्षणाच्या वेळी चौथ्या खणात वांगे दर्शविले होते. ग्रामस्थांनी सदर पाठ प्रामाणिकपणे पाठ केला. सबब, शिडीस पडलेली दोनशे एकेचाळीस मते ही वस्तुतः वांग्यास दिलेली आहेत. चूक विद्यार्थ्यांची नसून शिकवणाऱ्याची आहे." सही करताना मंगरूळपीर आता मिटलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. भागिरथाबाईंना त्यांनी दुसरं कार्ड टाकलं. "खाट आत घे."

एका बाजारच्या दिवशी नाल्याच्या काठावर एक बैलगाडी थांबली. गाडीत एक लांबट काळा दगड होता, आणि दगडाशेजारी पांढरा शर्ट घातलेला किडकिडीत माणूस. हातात पेढ्यांचा पुडा.

"मी रामकिसन," तो शाळेत येऊन म्हणाला, आणि गुरुजींनी अडवायच्या आत त्यांच्या पाया पडला. "गुरुजी, मले माह्या गल्लीत चार मतं भेटले. त्यातलं बायकोचं नक्की नाई. अन् ह्या गावात मी कधी पाय ठेवला नाई, तरी दोनशे एकेचाळीस! मी मोजनीच्या रात्री रडलो, गुरुजी. मले सांगा, लोकायले माह्यात काय दिसलं?"

गुरुजींनी तोंड उघडलं. 'वांगं' हा शब्द अगदी जिभेवर आला. समोरच्या माणसाच्या शर्टाची कॉलर उसवून उलटी शिवलेली होती, आणि ती त्याने स्वतःच शिवली असावी. गुरुजींनी शब्द गिळला.

"लोकांचं मन," ते म्हणाले, "कोणाले कळलं आहे?"

"मी पूल बांधीन!" रामकिसन म्हणाला. "निवडून नाई आलो, पन पायाभरनी त करून ठेवतो. दगड आनला. दोन हात लांब, हातभर रुंद, अक्षरं खोल. मापबी इथल्याच एका बाईनं निरोपानं धाडलं." त्याने नारळ फोडला, पाच मिनिटं भाषण केलं, पेढे वाटले आणि रिकाम्या गाडीत बसून निघून गेला.

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या हातात आदेश पडला. त्यांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. "निवडणुकीच्या कामी आपले वर्तन संशयास्पद आढळले. आपणास दुर्गम गावी ठेवणे धोक्याचे असल्याने आणि वरिष्ठांच्या नजरेखाली ठेवणे इष्ट असल्याने, शिक्षा म्हणून आपली बदली तात्काळ मंगरूळपीर येथे करण्यात येत आहे."

भागिरथाबाईंचं कार्ड उलट टपाली आलं. "तीन वर्षं सरळ वागले त काही भेटलं नाही. एक गुन्हा केला अन् महिनाभरात घरी. आधी काहून नाही केला? खाट पुन्हा उन्हात टाकली आहे."

निघायच्या दिवशी सगळी शाळा नाल्यापर्यंत पोचवायला आली. पंजाबरावाने ट्रंक डोक्यावर घेतली. गुरुजींनी सवयीप्रमाणे जोडे काढून हातात घेतले आणि धोतर गुडघ्यावर खोचलं.

"खाली सोडा धोतर, गुरुजी," धनीबाई म्हणाली. ती आणखी चारपाच बायकांबरोबर पाण्यात उभी होती आणि हातातली पहार काठाला टेकवत होती.

गुरुजींनी पाहिलं. तिसऱ्या दगडापलीकडे, काठाच्या अलीकडे, नेमक्या त्या दोन ढांगांच्या मधोमध रामकिसनचा दगड बसला होता. नाव वर होतं. अक्षरं खोल होती.

गुरुजींनी खोचलेलं धोतर खाली सोडलं. मग हळूच म्हणाले, "धनीबाई, खरं सांगा. त्या दिवशी तुमी वांगं समजून ठप्पा मारला होता ना?"

"आता बाप्पा!" धनीबाईने विडी तोंडातून काढली. "वांगं अन् शिडी मले वळखू येत नाई काय? म्हातारी झाली म्हनून काय आंधळी झाली?"

"मग काहून मारला?"

"गुरुजी, तुमी एवढे शिकलेले. त्या तिघायले आमी आलटून पालटून मतं देल्ले. तिघं तीन दगड ठेवून गेले. ते आता दुसरा दगड आनतेत काय? त्यायचा ठेवून झाला. एक कमी पडत होता. तो वाशिमवाला आलाच नव्हता. मतं पडल्याबिगर कोन येते?"

"म्हणजे सगळ्यांनी... ठरवून?"

"तांड्यात मी सांगतलं. गावात पंजाबरावानं."

गुरुजींनी वळून पाहिलं. पंजाबराव ट्रंकेखालून आकाशाकडे पाहत होता.

"अन् मी खुलाशात लिहिलं की तुमाले चौथा खण पाठ झाला होता!"

"ते आयकलं आमी," धनीबाई म्हणाली. "बरं लिवलं. तुमी खोटं नाई बोलत, हे तालुक्याले माह्यत हाय. म्हनून आमी काई बोललो नाई."

गुरुजींनी जोडे पायात घातले. पहिल्या दगडावर पाय ठेवला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर थोडं थांबले. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते धोतर कोरडं ठेवून पलीकडे पोचले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

काठावरून त्यांनी मागे वळून विचारलं, "मग पुढच्या खेपेलेबी त्या रामकिसनलेच मत द्याल ना? बिचारा लय भला माणूस आहे."

धनीबाईने चार दगडांवरून एकदा नजर फिरवली आणि पहार खांद्यावर घेतली.

"आता कायले, गुरुजी?" ती म्हणाली. "चार पुरतेत."